भावंडांचा बँड काढताय? आधी बाहेर पडायचं दार करून ठेवा

आमच्या बँडमध्ये एक टॉकबॅक माइक होता. दादा पायाने बटण दाबून त्यात बोलला की ते बाकीच्यांच्या कानातल्या इन-इअरमध्ये आणि माझ्या हेडफोनमध्येच ऐकू यायचं, प्रेक्षकांना नाही. मी आवाजाच्या मिक्सरवर बसायचे. स्टेजवर दादा आणि धाकटी एका माइकवर डोकं टेकवून शेवटचा अंतरा म्हणायचे, समोर मोबाइलचे दिवे डोलायचे, टाळ्या सुरू व्हायच्या. त्या टाळ्यांच्या आवाजात माझ्या कानात दादाचं वाक्य पडायचं, ‘पुढचं गाणं गाळ. हिचा आवाज बसलाय.’ मग धाकटी त्याच माइककडे वाकून, चेहऱ्यावरचं हसू तसंच ठेवून, ‘बसलेला नाही. सुरू कर.’

आठ महिने ते दोघं एकमेकांशी एवढंच बोलत होते. घरी नाही, गाडीत नाही, फक्त दोन गाण्यांच्या मध्ये, त्या माइकवर. खाली लोक म्हणायचे, काय माया आहे भावंडांत! झाकली मूठ सव्वा लाखाची.

नऊ वर्षं मी हे पाहिलं. आम्ही चौघं भावंडं. तिघं स्टेजवर, मी मिक्सरमागे, आणि पाचव्या वर्षापासून हिशेबाची वहीही माझ्याकडे. बाबा मॅनेजर. ज्यांच्या घरात दोन-तीन मुलं बरी गातात आणि ‘यांचा बँड का नाही काढायचा?’ असं कुणीतरी म्हणून गेलंय, त्यांच्यासाठी हे लिहितेय. गाणं कसं बसवायचं ते मी सांगणार नाही. एका घरात वाढलेल्यांचे उच्चार सारखे असतात, गळ्याची जातही बऱ्याचदा सारखी असते, त्यामुळे त्यांचे आवाज असे मिसळतात की परक्यांना वर्षानुवर्षं घासूनही ते जमत नाही. तिथलं अर्धं काम जन्मतःच झालेलं असतं. अडतं बाकी सगळ्यात. चार परके एकत्र आले की पहिल्या कार्यक्रमाआधी पैसे, नाव, रजा यांवर बोलून घेतात. भावंडं बोलत नाहीत. आपल्याच माणसाला कसं विचारायचं? भीड भिकेची बहीण, ती ही अशी.

नावाचा कागद

बँडचं नाव ठरेल त्याच संध्याकाळी एका कागदावर लिहा, हे नाव कुणाच्या मालकीचं आहे. आमचं नाव ‘आपल्या सगळ्यांचं’ होतं, म्हणजे कुणाचंच नव्हतं. पहिल्या कराराच्या वेळी समोरच्या रेकॉर्ड कंपनीने नाव स्वतःकडे नोंदवायचं कलम घातलं होतं. बाबांनी ते वाचलं होतं. ‘आपण कुठे सोडून जाणार आहोत?’ म्हणून सही केली.

अमेरिकेतल्या गॅरी शहरातल्या जॅक्सन भावांचं उदाहरण आम्हाला आधी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. 1969मध्ये त्यांनी मोटाउन या रेकॉर्ड कंपनीशी करार केला, आणि 1970मध्ये तिथली त्यांची पहिली चारही गाणी अमेरिकेत एकामागून एक पहिल्या क्रमांकावर गेली. 1975मध्ये कंपनी सोडायची वेळ आली तेव्हा ‘जॅक्सन फाइव्ह’ हे नाव मोटाउनकडेच राहिलं. आडनाव त्यांचं, गळे त्यांचे, पण पाटी दुसऱ्याची. ते ‘द जॅक्सन्स’ झाले. त्यातला जर्मेन मात्र मोटाउनमध्येच थांबला, कारण त्याची बायको मोटाउनचे मालक बेरी गॉर्डी यांची मुलगी होती. एका बाजूला भाऊ, एका बाजूला सासरा, आणि मध्ये एक करार. हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नव्हती.

तर कागदावर एवढं हवं: नावाची नोंदणी सज्ञान सदस्यांच्या सामाईक नावाने, कंपनीला ते वापरायची परवानगी फक्त कराराच्या मुदतीपुरती, आणि जो बाहेर पडेल त्याला स्वतःची ओळख ‘या बँडचा माजी गायक’ अशी करून देता येईल, पण ते नाव लावून वेगळा कार्यक्रम करता येणार नाही. बँडच्या सगळ्या खात्यांचे पासवर्ड निदान दोघांकडे ठेवा. आमचे एकट्या शेंडेफळाकडे होते आणि तो रुसला की आठवडाभर आमची एकही पोस्ट पडायची नाही.

पैसे

बँडसाठी वेगळं बँक खातं उघडा. वडिलांचं नको, मोठ्या भावाचं नको. कार्यक्रमाचा प्रत्येक पैसा आधी तिथे जाऊ द्या. ‘घरातच तर राहतोय पैसा’ हे वाक्य ज्या दिवशी कानावर येईल त्या दिवशी सावध व्हा.

मग विचारा, मॅनेजरचा टक्का कशावर? हा प्रश्न विचारायला आम्हाला पाच वर्षं लागली. समजा कार्यक्रमाचे 100 आले आणि गाडी, साउंड, वादक, मुक्काम यांत 60 गेले. मॅनेजरचे 20 टक्के ढोबळ रकमेवर काढले तर 20 त्याचे, आणि गाणाऱ्या तिघांत मिळून 20. तेच खर्च वजा करून उरलेल्या 40वर काढले तर 8 त्याचे आणि तिघांत 32. टक्का तोच, कार्यक्रम तोच. मी हे गणित वहीच्या एका पानावर मांडून बाबांसमोर ठेवलं. ते दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्या पानावर त्यांच्या अक्षरात ‘निव्वळवर’ असा एकच शब्द लिहिलेला होता. खाली सहीसुद्धा केली होती, जशी ते कंपनीच्या कागदावर करायचे तशी, पूर्ण नावाची.

कंपनी आगाऊ रक्कम देते तेव्हा घरात सण होतो. ती उचल असते. तुमच्या पुढच्या रॉयल्टीतून, म्हणजे गाणं विकलं-वाजलं की मिळणाऱ्या वाट्यातून, ती फिटेपर्यंत बहुतेक करारांत हाती काही येत नाही. एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

खरी मेख गाण्याच्या हक्कात आहे. एका गाण्याचे दोन हक्क असतात. एक, शब्द आणि चाल यांचा. दुसरा, त्या विशिष्ट ध्वनिमुद्रणाचा, ज्याला मास्टर म्हणतात. कार्यक्रमाची बिदागी तिघांनी सारखी वाटून घेतली तरी शब्द-चालीची रॉयल्टी ज्याचं नाव लिहिलेलं आहे त्यालाच जाते, आणि गाणं चाललं तर ती वर्षानुवर्षं जात राहते. आमच्याकडे नाव दादाचं होतं. सगळ्यात जास्त वाजलेल्या गाण्याची मुखड्याची चाल मात्र धाकटीने गाडीच्या मागच्या सीटवर गुणगुणत केली होती. मी शेजारी होते. तेव्हा ती चौदा वर्षांची होती, नाव लागतं वगैरे तिला ठाऊक नव्हतं. एकोणिसाव्या वर्षी ठाऊक झालं. टॉकबॅकवरचे ते आठ महिने तिथून सुरू झाले.

बीच बॉइज या अमेरिकन बँडमध्ये तीन विल्सन भाऊ, त्यांचा चुलतभाऊ माइक लव्ह आणि एक मित्र असे पाच जण होते. साठच्या दशकातल्या गाण्यांवर आपलं नाव लागलं नाही म्हणून माइक लव्ह शेवटी ब्रायन विल्सनवर कोर्टात गेला. 1994मध्ये निकाल त्याच्या बाजूने लागला आणि 35 गाण्यांवर सहलेखक म्हणून त्याचं नाव चढलं. तोवर दोघांनी पन्नाशी ओलांडली होती.

उपाय दहा मिनिटांचा आहे. गाणं पुरं झालं की खोलीतून उठायच्या आधी स्प्लिट शीट भरा. गाण्याचं नाव, तारीख, शब्द कुणाचे किती टक्के, चाल कुणाची किती टक्के, बेरीज 100, सगळ्यांच्या सह्या. फोनवर गुणगुणलेलं कच्चं रेकॉर्डिंग पुसू नका, तारखेसकट जपून ठेवा. ‘एवढ्याशा ओळीचं काय लिहायचं’ असं म्हणणारा बहुधा ज्याचं नाव आधीच लागलेलं आहे तोच असतो.

मुलं लहान असतील तर आणखी एक खातं. शेंडेफळ अकराव्या वर्षी आमच्यात आला आणि पहिली चार वर्षं त्याच्या नावावर एक रुपयाही टाकला गेला नाही. कारण काय? तो घरातच राहतो, त्याला कशाला वेगळे. जॅकी कूगन हा मूकपटांच्या काळातला बालनट. त्याने लाखो डॉलर कमावले आणि मोठा झाल्यावर त्याला कळलं की आई आणि सावत्र वडिलांनी जवळजवळ सगळे उडवलेत. त्यावरून 1939मध्ये कॅलिफोर्नियात कायदा झाला. आज तिथे बालकलाकाराच्या ढोबळ कमाईतले 15 टक्के वेगळ्या खात्यात टाकावेच लागतात, आणि सज्ञान होईपर्यंत त्यांना कुणी हात लावू शकत नाही. तुमच्याकडचा कायदा काय म्हणतो ते वकिलाला विचारा, पण निदान एवढा वाटा कायद्याची वाट न बघता बाजूला काढा.

वडील मॅनेजर असतील तर

हे लिहायला मला सगळ्यात जड जातंय. बाबा वाईट नव्हते. रात्री दोन वाजता साउंडच्या पेट्या एकट्याने गाडीत चढवायचे. पण ज्या माणसाला तुम्ही ‘मला आज गायचं नाही’ म्हणू शकत नाही, तो तुमचा मॅनेजर असता कामा नये, किंवा मग त्याच्यावर आणखी कुणीतरी हवं.

मरी विल्सन हे बीच बॉइजमधल्या तीन भावांचे वडील आणि पहिले मॅनेजर. मुलांनी 1964मध्ये त्यांना काढलं. तरी गाण्यांचे हक्क ज्या कंपनीकडे होते ती त्यांच्या ताब्यातच राहिली, आणि 1969मध्ये त्यांनी तो सगळा ठेवा सात लाख डॉलरला विकून टाकला. ज्या मुलाने ती गाणी रचली त्याला ते थांबवता आलं नाही. कॉउसिल्स नावाचा अमेरिकन भावंडांचा बँड होता, आईसुद्धा त्यात गायची. मॅनेजर वडीलच, नौदलातून आलेले, हाताला आणि जिभेला धरबंध नसलेले. त्यांनी 1969मध्ये थोरल्या बिलला, म्हणजे मुख्य गायकालाच, बँडमधून काढून टाकलं. त्यांच्यावरून बेतलेली हसऱ्या कुटुंबाची मालिका पुढच्याच वर्षी टीव्हीवर आली.

म्हणून वडिलांशीही लेखी करार करा, एका वर्षाचा. वर्ष संपलं की तो आपोआप संपतो, पुढे चालवायचा तर सगळ्यांनी पुन्हा सही करायची. यात कुणाला ‘काढावं’ लागत नाही, हीच त्यातली सोय. हिशेब बाहेरच्या माणसाकडून वर्षातून एकदा तपासून घ्या. आणि बँडकडून एक पैही न घेणारं एक मोठं माणूस मुलांच्या बाजूने ठेवा, ज्याचा ‘नाही’ शेवटचा. आमच्याकडे ती आई होती. ‘याला ताप आहे, हा आज उभा राहणार नाही’ हे वाक्य तिच्या तोंडून आलं की बाबाही मुकाट फोन लावायचे, कारण तिचा त्यात काही फायदा नव्हता हे सगळ्यांना माहीत होतं.

बँडचं बोलणं फक्त गाडीत, घरी नाही, असाही नियम आम्ही केला होता. तो फसला. गाडीत बसायचीच भीती वाटू लागली.

गळा, कान आणि पुढे उभं राहणारा

मुलाचा आवाज फुटतो तेव्हा साधारण एक सप्तक खाली उतरतो. एका दिवसात नाही, महिनोन्‌महिने घसरत, मध्येच चिरकत. याच काळात बँड सगळ्यात जास्त मागणीत असतो, कारण लोकांना तो कोवळा आवाजच हवा असतो. शेंडेफळाला आम्ही सहा महिने मूळ पट्टीत ओरडायला लावलं. ते करू नका. पट्टी उतरवा, त्याच्या ओळी बहिणीला द्या, त्याला खालचा सूर धरू द्या किंवा नुसता गिटार वाजवू द्या. घसा दुखतोय म्हणाला की गाणं बंद, औषधाची गोळी चघळत चालू नाही.

कानांचं गणित सोपं आहे. 85 डेसिबलला आठ तास ही मर्यादा मानतात, आणि दर 3 डेसिबलला वेळ निम्मा होतो. 100 डेसिबलला उरतात 15 मिनिटं. ड्रमशेजारी तालीम करणाऱ्या मुलाला इअरप्लग द्या आणि मोठ्यांनीही घाला.

पुढे कोण उभं राहणार हे ज्याचं त्याला विचारा. ‘कारपेंटर्स’ या अमेरिकन भाऊ-बहिणीच्या जोडीतली कॅरन कारपेंटर मुळात ड्रमर. स्वतःला ड्रमरच समजायची. लोकांना गाणारी मुलगी ड्रममागे दिसत नाही म्हणून तिला पुढे आणून उभं केलं. पुढे तिला ॲनोरेक्सिया या अन्न टाकण्याच्या आजाराने गाठलं आणि 4 फेब्रुवारी 1983 रोजी, 32व्या वर्षी, ती गेली. भाऊ रिचर्ड झोपेच्या गोळ्यांच्या व्यसनावर 1979मध्ये उपचार घेऊन आला होता. पुढे आणल्यामुळेच ती आजारी पडली असं मी म्हणत नाही, आजार इतके सरळ नसतात. पण एका घरातली दोन माणसं एकाच वेळी खचत असताना कॅमेऱ्यात मात्र भाऊ-बहीण शेजारी शेजारी हसत होते, हे मला टॉकबॅकची आठवण करून देतं. पोशाख ठरवताना कुणी बहिणीच्या अंगाबद्दल बोललं तर त्या माणसाला खोलीबाहेर काढा. मग तो फोटोग्राफर असो की काका.

प्रत्येकाची बदली तयार ठेवा. प्रत्येकाचा सूर वेगळा रेकॉर्ड करून ठेवला की बाहेरचा गायक आठवड्यात उभा राहतो. ब्रायन विल्सनला डिसेंबर 1964मध्ये विमानात पॅनिकचा झटका आला आणि त्याने दौरे सोडले. त्याच्या जागी आधी ग्लेन कॅम्पबेल, मग ब्रूस जॉन्स्टन उभे राहिले. बँड चालत राहिला, आणि ब्रायनने घरी राहून 1966मध्ये ‘पेट साउंड्स’ हा अल्बम केला. आम्हाला वाटायचं, घरच्याची बदली आणली तर लोक काय म्हणतील. लोक काही म्हणत नाहीत. दोनदा आणली, एका प्रेक्षकानेही विचारलं नाही.

भांडणं

होणारच. आपलेच दात, आपलेच ओठ. कार्यक्रमानंतरच्या रात्री चुकांवर बोलायचं नाही, दुसऱ्या दिवशी दुपारी बोलायचं, रेकॉर्डिंग लावून. तालमीत लहानपणची टोपणनावं बंद. ‘तू पहिल्यापासून अशीच’ हे वाक्य बंद, बोलायचं ते या गाण्याच्या या ओळीबद्दल. दारू पिऊन स्टेजवर कुणी नाही.

एव्हर्ली ब्रदर्स या गाणाऱ्या दोन भावांपैकी फिलने 14 जुलै 1973 रोजी कॅलिफोर्नियात चालू कार्यक्रमात गिटार आपटला आणि निघून गेला. उरलेला कार्यक्रम डॉन एकट्याने म्हणाला. दोघं पुन्हा एकत्र गायले ते 1983मध्ये, लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये. मधली दहा वर्षं ते भाऊ होतेच की. पण त्यांना भाऊ म्हणून भांडायची वेगळी जागाच कुणी ठेवली नव्हती.

आणि जो बँडमध्ये नाही त्याला विसरू नका. कॉउसिल्समधल्या बॉबचा जुळा भाऊ रिचर्ड याला वडिलांनी बँडमध्ये घेतलंच नाही. सोबत फिरायचं, सामान उचलायचं, फोटोच्या वेळी बाजूला व्हायचं. मी मिक्सरवर स्वखुशीने बसले असं सगळ्यांना सांगते आणि ते बहुतांशी खरं आहे.

दार

सगळ्यात शेवटी लिहितेय, पण करायचं सगळ्यात आधी. बँड सोडता येईल पण घर सोडावं लागणार नाही, अशी सोय कागदावर करून ठेवा. बी गीज या भावांच्या बँडमधला रॉबिन 1969मध्ये भावांना सोडून गेला. आपण मुख्य गायलेलं गाणं रेकॉर्डच्या मागच्या बाजूला टाकलं, हे त्यातलं एक मोठं कारण. पुढच्याच वर्षी तो परत आला आणि त्यांची सगळ्यात मोठी वर्षं त्यानंतरची. जोनास ब्रदर्स या तीन भावांनी 2013मध्ये दौरा तोंडावर असताना तो रद्द करून बँड मोडला आणि 2019मध्ये पुन्हा उभा केला. म्हणजे दार आत-बाहेर दोन्हीकडे उघडतं. फक्त ते आधी केलेलं नसेल तर माणूस भिंत फोडून बाहेर पडतो, आणि भिंत घराची असते.

आमचं कलम असं आहे. सोडायचं तर सहा महिने आधी लिहून द्यायचं. कारण द्यायची सक्ती नाही. त्या सहा महिन्यांत बदलीला आपला सूर शिकवायचा. गाण्यांवरचा आपला टक्का कायम राहतो. वर्षभराची रजा मागता येते आणि परत यायचा हक्क राहतो. दरवर्षी एका ठरलेल्या दिवशी प्रत्येकाला एकच प्रश्न विचारायचा, पुढचं वर्ष राहायचंय का, आणि ‘हो’ गृहीत धरायचं नाही.

हे कलम लिहिलं धाकटीनेच, जायच्या आधी. दादाने त्या एका गाण्याच्या कागदावर चालीचे 50 टक्के तिच्या नावे केले, तिने सहा महिने पुरे केले, बदलीला शिकवलं आणि गेली. शेवटच्या कार्यक्रमात टॉकबॅकवर दोघं काय बोलले ते मी सांगणार नाही. ते माझ्या एकटीच्या कानात आहे.

यंदाच्या त्या ठरलेल्या दिवशी शेंडेफळाने वर्षभराची रजा मागितली. कारण सांगितलं नाही. आई काही बोलली नाही. दादाने वहीत तारीख लिहिली. बाबांनी चष्मा काढून पुसला, परत लावला आणि विचारलं, ‘बदली कोण?’